हाडं उपाशी होती

आमच्या फ्रीजच्या दारावर सहा वर्षं एक कागद चिकटवलेला होता. दूध बंद. दही बंद. ताक बंद. शेंगदाणे, तीळ, खवा, पनीर बंद. डाळ उकळून वरचं पाणी फेकायचं. आणि सगळ्यात खाली लाल शाईत: ‘एकदाही नाही.’ अक्षर माझं. बायकोचं डायलिसिस सुरू झालं त्याच आठवड्यात मी तो कागद लिहिला आणि तेलानं, वाफेनं खराब होऊ नये म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी मारली. मी वाळूजच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. गाड्यांचे सुटे भाग मोजणं हे माझं काम. भाग मापात बसला तर हिरव्या क्रेटमध्ये, नाही बसला तर लाल क्रेटमध्ये. तिसरा क्रेट नसतो. घरही मी तसंच चालवलं आणि मला त्याचा अभिमान होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी बऱ्याच लोकांवर चिडणार आहे आणि त्यांच्यात मी स्वतःला धरलेलं नाही असं कुणाला वाटायला नको.

बायको बिडकीनजवळच्या वस्तीवरची. माहेरी दावणीला चार-पाच म्हशी कायम असायच्या. लग्न होऊन हडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत आली तेव्हा पिशवीतलं दूध पातेल्यात ओतताना तिनं हसून विचारलं होतं, “ह्याला दूध म्हणतेत व्हय इथं?” सकाळी शिळ्या भाकरीवर दही, दुपारी ताक, आणि माहेराहून कुणी आलं की तांब्यातलं निरसं दूध उभ्याउभ्या पिऊन मोकळी. अशा बाईचं दूध मी एका दिवसात तोडलं. कारण खरं होतं. किडनी गेली की फॉस्फरस रक्तात साचतो, मशीन त्यातला थोडाच काढतं, आणि दुधादह्यात तो भरपूर असतो. आहार सांगणाऱ्या बाईंनी मात्र ‘कमी करा’ एवढंच म्हटलं होतं. ‘कमी’ हे माप मला कळत नाही. मी ‘बंद’ लिहिलं.

तिसऱ्या वर्षी मी तिला पकडलं. दुपारची वेळ होती, मी कारखान्यातून नेहमीपेक्षा लवकर आलो होतो, आणि ती स्वयंपाकघराच्या दारामागं उभी राहून वाटीतलं दही बोटानं चाटत होती. शेजारणीकडून आणलेलं. आवाज होईल म्हणून चमचासुद्धा घेतला नव्हता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटी हिसकावून मोरीत ओतली आणि ओरडलो, “मरायचंय का तुला? मरायचंच असलं तर सांग, म्हणजे मी सुट्ट्या काढायचं बंद करतो.” खिडक्या उघड्या होत्या. शेजारणीनं ऐकलं, तिच्या सासऱ्यानं ऐकलं. बायकोनं बोट पदराला पुसलं आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. त्यानंतर काहीही खाताना पहिला घास उचलायच्या आधी ती माझ्याकडं बघायची. मला वाटायचं, शिस्त लागली.

एवढं करून हाडं गेलीच. इथं थोडं समजावून सांगायला हवं, कारण मलाही ते कित्येक वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. गळ्यात थायरॉइडच्या मागं चार बारक्या ग्रंथी असतात, तुरीच्या डाळीएवढ्या. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. किडनी बंद पडली की त्या बिथरतात, फुगतात आणि हाडांतलं कॅल्शियम काढून सारखं रक्तात ओतत बसतात. हाडं आतून पोकळ होत जातात, आणि बाहेरून माणूस धडधाकट दिसतो. बायकोला आधी खाज सुटली. कंगवा घेऊन पाठ खाजवत बसायची. मग टाचा दुखायला लागल्या, मग कंबर, मग बरगड्या. मग ती फळी. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा ती लग्नापासून टाचा न उचलता काढायची. एक दिवस म्हणाली, “फळी वर सरकली का वो?” मी हसलो. फळी भिंतीत पक्की होती, खाली सरकली होती ती. दिवसभर केसाएवढ्या फरकासाठी लोकांचा माल परत पाठवणारा मी, माझ्या घरातलं माणूस दोन इंच कमी झालं ते मला दिसलं नाही.

मग भाकरी थापताना मनगट मोडलं. पडली नाही, कुठं आपटली नाही, नुसती ज्वारीची भाकरी थापत होती. कट् असा आवाज बाहेरच्या खोलीत मला ऐकू आला. हाडाच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं आणि म्हणाला, “होतं या वयात.” ती चव्वेचाळीस वर्षांची होती. मी म्हणालो, डायलिसिसवर आहे. तो म्हणाला, “मग ते किडनीवाल्यांना विचारा.” आमच्या घराजवळच्या डायलिसिस सेंटरवर किडनीचे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे आणि मशीनवर पडलेल्या प्रत्येकाच्या पायथ्याशी दोन मिनिटं थांबायचे. ते म्हणाले, “हाडाच्या डॉक्टरांना दाखवलंत ना?” हाड माझ्या बायकोचं, आणि ते बघणं कुणाचंच काम नव्हतं. अजून ते आठवलं की माझे दात आवळले जातात. दीड वर्ष आम्ही मलम चोळत बसलो. दीड वर्ष ती रिक्षातून डायलिसिसला जायची आणि रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला ओठ चावायची. आणि त्या खड्ड्यांवर मी रिक्षावाल्याशी भांडायचो, जणू काही त्यानंच ते खणून ठेवले होते.

शेवटी जालना रोडच्या बाजूला एका मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला, मनगट दाबून बघितलं आणि त्या ग्रंथींच्या हार्मोनची तपासणी लिहून दिली. आकडा इतका मोठा आला की लॅबवाल्यानं खात्रीसाठी रक्त पुन्हा मागवलं. औषधांनी तो उतरेना, म्हणून ऑपरेशन ठरलं. साडेतीन ग्रंथी काढायच्या, अर्धी ठेवायची. ऑपरेशन व्यवस्थित झालं. त्यानंतर दहा दिवस सलाइनमधून कॅल्शियम चालू होतं. सकाळ-संध्याकाळ रक्त तपासायचे, आकडा घसरला की सलाइन वाढवायचे. ऑपरेशननंतर कॅल्शियम उतरतं एवढं मला कळलं होतं. मी वहीत वेळा लिहून घेत होतो आणि नर्सला पाच मिनिटं उशीर झाला की कॉरिडॉरमध्ये जाऊन तिचं डोकं खात होतो.

घरी सोडलं त्या दिवसाबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही. दुपारी बाराच्या सुमारास डॉक्टरबाई वॉर्डात आल्या तेव्हा मी खाली गेटवर होतो. वॉचमन रिक्षा दारापर्यंत येऊ देत नव्हता. मी त्याला सांगत होतो की आत जी बाई आहे तिची हाडं पापडासारखी झालीत, ती गेटपर्यंत चालत येणार नाही. तो म्हणत होता, नियम आहे. त्या नियमावर मी पाऊण तास भांडलो आणि जिंकलो. रिक्षा दारात आली. मी छाती फुगवून वर गेलो तेव्हा डॉक्टरबाई येऊन, बसून, सगळं समजावून गेल्या होत्या. नर्सनं माझ्या हातात कागद दिले. त्यात आहाराचा एक छापील कागद होता, डायलिसिसच्या सगळ्या रुग्णांना देतात तोच. पहिली ओळ: दूध व दुधाचे पदार्थ टाळा. माझ्या फ्रीजवरच्या कागदाशी तंतोतंत जुळणारा. मी खूश झालो. तो प्लास्टिकच्या पाकिटात घातला, मागं बिल न्‌ डिस्चार्ज कार्ड कोंबलं आणि पाकीट फाइलला लावून टाकलं.

रिक्षा निघाल्यावर बायको हळूच म्हणाली, “डॉक्टरबाई म्हणल्या, माझी हाडं उपाशी हायेत. इतकी वर्सं त्यातलं सगळं काढून नेलंय, आता रगतात येईल ते वढून घ्यायलीत. दूध घ्या म्हणल्या. दही बी.”

मी फाइल तिच्यासमोर धरली. “काय छापलंय वाच.”

तिनं वाचलं. “व्हय, पण त्या म्हणल्या...”

“दुसऱ्या कुणाला म्हणाल्या असतील.”

“मला म्हणल्या. माझा हात धरून म्हणल्या.”

“दह्यासाठी आता डॉक्टरचं नाव घ्यायला लागलीस?” मी म्हणालो. रिक्षावाल्यानं आरशातून आमच्याकडं बघितलं. गळ्याला ताजी पट्टी लावलेली माझी बायको बाहेर बघायला लागली. मी मनात म्हणालो, पकडली.

घरी आल्यावर मी मोबाइलवर गजर लावले. कॅल्शियमच्या गोळ्या तिला ऑपरेशनच्या आधीही होत्या, पण त्यांचं काम वेगळं होतं. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर चावायच्या, म्हणजे त्या पोटातच जेवणातला फॉस्फरस पकडतात आणि त्याला घेऊन बाहेर पडतात. सहा वर्षांची सवय होती ती. नव्या गोळ्या जास्त होत्या, मोठ्या होत्या, पण डब्यावर नाव तेच. मी त्या तशाच चालू केल्या, घास आणि गोळी, घास आणि गोळी. फॉस्फरसची जुनी दुसरी गोळीही मी थांबवली नाही. पहिल्या आठवड्यात सेंटरवर रक्त तपासलं, कॅल्शियम कमी निघालं. तिथला टेक्निशियन म्हणाला, गोळ्या वाढवा. मी वाढवल्या. जेवणाबरोबर.

त्याच आठवड्यात तिचा धाकटा भाऊ आला. उन्हातून मोटारसायकलवर, पुढं टाकीवर धडप्यात बांधलेला स्टीलचा डबा. त्यांच्या घरची एक रीत आहे. म्हैस व्याली की चिकाचा पहिला वाटा गावच्या देवाला आणि दुसरा सासरी गेलेल्या लेकीला. आधी सासऱ्यांनी ती पाळली, मग मेहुण्यानं. अर्धी जमीन कंपन्यांच्या वसाहतीत गेली, म्हशी दोनच उरल्या, तरी पाळली. फक्त ही सहा वर्षं तो डबा आला नव्हता. म्हैस व्याली की तो फोन करायचा, रेडी झाली का हलगट ते सांगायचा, आणि बायको फोनवर नुसतं ‘बरं, बरं’ म्हणत ऐकायची.

“दाजी, आक्काचा चीक आणलाय. आईनं वड्या पाडून दिल्यात,” तो दारातच म्हणाला.

मी डबा उघडला. गूळ, विलायची आणि खरवस. त्या वासानं माझं पित्त खवळलं. “तुला कुणी सांगितलं आणायला?”

“आक्कानंच फोन केलता. डॉक्टर व्हय म्हणले म्हणं.”

माझ्या मागं बायको चौकट धरून उभी होती. मी तिच्याकडं वळूनही बघितलं नाही. “तुझी आक्का दह्याच्या वाटीसाठी खोटं बोलते हे मला माहीत आहे, आता तू पण तिला सामील?” डबा मी झाकण लावून त्याच्या छातीशी दाबला. “बहीण जिवंत पाहिजे का खरवस खाऊन मेलेली पाहिजे, ते एकदा ठरव.”

तो उंच, आडदांड गडी आहे. त्याच्या मानेची शीर फुगलेली मला दिसली. “आक्का हाय म्हणून गप जातो, दाजी,” म्हणाला आणि डबा पुन्हा धडप्यात बांधायला लागला. गाठ त्याला बसत नव्हती. मी दार लावलं. बायको आत जाताना एवढंच म्हणाली, “पाणी तरी द्यायचं व्हतं त्याला.”

त्यानंतर तिला मुंग्या यायला लागल्या होत्या. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना. पोटऱ्या आवळायच्या. हे मला नंतर कळलं. चार दिवस ती ते अंगावर काढत होती, कारण सांगितलं असतं तर मी विचारलं असतं, ‘काय खाल्लंस?’ आणि मी तेच विचारलं असतं, यात शंका नाही.

मंगळवारी माझी साप्ताहिक सुट्टी होती म्हणून मी सेंटरवर तिच्याजवळ थांबलो. तिच्या शेजारच्या पलंगावर एक वयस्कर खाला असतात, शहागंजच्या. वर्षभरापूर्वी त्यांचंही हेच ऑपरेशन झालेलं. टेक्निशियननं बायकोच्या उजव्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला आणि हवा भरली. पट्टा घट्ट झाला तसा तिचा पंजा आपोआप आवळत गेला. अंगठा तळव्यात, चारी बोटं सरळ होऊन एकमेकींना चिकटलेली. कासारीण लहान मापाची बांगडी चढवताना हात चेपून धरते, तसा. पण तो कुणीच धरलेला नव्हता.

“हात सोड,” मी म्हणालो.

“सुटंना,” ती म्हणाली. तिचा जबडाही नीट उघडत नव्हता.

खाला उशीवरून अर्ध्या उठल्या. “भैया, कॅल्शियम गिरा इसका. मेरा बी ऐसाच हाथ हुआ था. दूध नै पिलाते क्या तुम?”

“खाला, डायलिसिसवालों को दूध?”

“हौ, ऑपरेशन के बाद पिलाते! मेरेकू तो डॉक्टर डाट के पिलाए. गोली बी खाने के साथ नक्को बोले, खाली पेट. तुमकू किसी ने नै बोला?”

कुणीतरी बोललं होतं. रिक्षात, माझ्या शेजारी बसून बोललं होतं. 

मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत तिला दोनदा आकडी येऊ घातली होती. सलाइन लागलं, हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या तारा छातीला लागल्या. कॅल्शियम इतकं खाली गेलं होतं की डॉक्टरबाई मॉनिटरवरून नजर हटवत नव्हत्या. तासाभरानं तिचा पंजा उलगडला, तेव्हा त्यांनी फाइल मागितली. प्लास्टिकच्या पाकिटातून छापील कागद काढला आणि उलटा केला.

मागं त्यांच्या हातचं लिहिलेलं होतं. मराठीत, सुवाच्य. समोरील आहार ऑपरेशननंतर यांना लागू नाही. दूध रोज एक पेला, दिवसाला ठरवून दिलेल्या पाण्याच्या मापात धरून. दही चालेल. फॉस्फरसची गोळी सध्या बंद. कॅल्शियम जेवणाबरोबर नको, दोन जेवणांच्या मध्ये, पोट रिकामं असताना. दर आठवड्याला रक्त तपासून आम्हाला कळवा, पुढचं त्यावर ठरेल. शेवटची ओळ त्यांनी दोनदा अधोरेखित केली होती: ओठांना मुंग्या आल्यास लगेच या.

आमच्याकडं प्रत्येक भागाचं ड्रॉइंग असतं. कंपनी ते बदलत राहते, आणि बदल झाला की कोपऱ्यात नवा नंबर येतो. आधी तो नंबर बघायचा, मगच मापायचं गेज हातात घ्यायचं, हे मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो. एका जुन्या कामगारानं एकदा घाईत मागच्या ड्रॉइंगवर आख्खा लॉट तपासून पास केला होता. पन्नाशीचा, माझ्याच वयाचा माणूस. मी त्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं. त्याच्याविरुद्ध लेखी दिलं. तो म्हणत होता, “साहेब, सहा वर्षं हेच माप होतं.” मी म्हणालो होतो, “कागद उलटून बघायला हात तुटले होते का?”

“मी यांना सगळं समजावलं होतं,” डॉक्टरबाई मला म्हणाल्या. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. “यांनी तुम्हाला सांगितलं नाही का?”

मी बायकोकडं बघितलं. तिच्या हाताला सलाइन, ओठ कोरडे पडलेले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मग डॉक्टरबाईंना म्हणाली, “माझ्याच ध्यानात नाय राहिलं, बाई.”

आणि मी गप्प बसलो. बाकी सगळं मी सांगतोय ते त्या मानानं सोपं आहे. ज्या माणसाला वॉचमनशी पाऊण तास भांडता येतं, नर्सचं डोकं खाता येतं, मेहुण्याला दारातून हाकलता येतं, त्याला ‘तिनं सांगितलं होतं’ एवढे तीन शब्द उच्चारता आले नाहीत. डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि मला पुन्हा पहिल्यापासून समजावलं. गोळी जेवणात गेली की फॉस्फरसच धरत बसते, हाडापर्यंत पोचत नाही. हाडं आता दोन्ही मागतायत, कॅल्शियमही आणि फॉस्फरसही. मी वहीत लिहून घेतलं.

मला दवाखान्याचा राग येतो आणि तो खोटा नाही. सगळ्यांना एकच छापील कागद का देता? त्यावर जे चूक आहे ते सरळ खोडत का नाही? जिच्यावर सगळं अवलंबून आहे ती गोष्ट कागदाच्या पाठीवर का लिहिता? ऑपरेशन एका ठिकाणी, डायलिसिस दुसऱ्या ठिकाणी, आणि मधे एक फोनसुद्धा का जात नाही? मनगट मोडलं त्याच दिवशी एक रक्ताची तपासणी लिहायला त्या हाडवाल्याचं काय जात होतं? हे सगळं मी तिथं तक्रारवहीत लिहून आलो, तीन पानं. खाली सही करताना लक्षात आलं की एवढ्या तीन पानांत बायकोनं रिक्षात जे सांगितलं होतं त्याचा उल्लेख कुठंच नाही. तेव्हाही मी तो घातला नाही.

ती अजून दवाखान्यातच होती तेव्हा मी बिडकीनला गेलो. मेहुणा गोठ्यात होता. मला बघून त्यानं शेणाचे हात धुतले, बाज टाकली, पाणी आणून दिलं. आधी पाणी दिलं.

“आक्का कशी हाय?”

मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. “चीक तर संपला आता,” म्हणाला. “साधं दूध हाय, ते घेऊन जावा.” किटली घासून त्यात दूध भरलं, झाकणाला फडकं लावलं.

“चुकलं माझं,” मी म्हणालो.

“मला काय सांगायलेत, दाजी? तिला सांगा.”

ती घरी आली त्या दिवशी मी फ्रीजवरचा कागद काढला. चिकटपट्टी इतकी घट्ट बसली होती की तो तुकड्यातुकड्यांनी निघाला आणि दारावर चार पांढुरके डाग राहिले. त्याच्या जागी दुसरा काही लावला नाही. डॉक्टरबाईंचा कागद मात्र उलटा करून भिंतीला टाचला. मला वाटलं, कागद फाडला म्हणजे सांगितल्यासारखंच झालं. मेहुण्याला बोललो होतो ते शब्द तिला काही बोललो नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. गोळ्या दोन जेवणांच्या मध्ये चालू आहेत, आधीपेक्षा पुष्कळ कमी. रक्त नियमानं तपासतो. खाज गेली. टाचा दुखायच्या थांबल्या. रिक्षात खड्डा आला तरी ती ओठ चावत नाही. गेलेले दोन इंच परत येणार नाहीत, म्हणून पोह्यांचा डबा मी खालच्या फळीवर आणला. दिवाळीनंतर तिनं परत भाकरी थापली. मी दारात उभा राहून त्या थापण्याचा आवाज शेवटच्या भाकरीपर्यंत ऐकला. डॉक्टरबाई म्हणतात, हाडं भरतायत, पण एवढ्यावर भागलेलं नाही, अजून वर्षभर तरी जपायला हवं, दूध चुकवायचं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर मी विचारायचो, “दूध घेतलंस?” ती म्हणायची, “घेतलं.”

गेल्या आठवड्यात कारखान्यात दुपारी वीज गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. दार उघडंच होतं. मी आत आलो तर ती स्वयंपाकघराच्या दारामागं, त्याच कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून घाईघाईनं पेला तोंडाला लावून उभी होती. माझी चाहूल लागली तशी तिनं ओठ पदरानं पुसले, पेला नळाखाली धरला, खळखळून विसळला आणि ओट्यावर पालथा घातला. हे सगळं एवढ्या सफाईनं झालं की ते रोजचंच असणार हे मला कळलं.

“काय करायलीस?”

“काय नाय. भांडी.”

पेल्याच्या कडेखालून पाणी ओघळत होतं. माझ्या डोक्यात तीच जुनी तिडीक चढली आणि ती कुणावर काढावी ते मला समजेना. मी शक्य तितक्या खालच्या आवाजात विचारलं, “दूध होतं का?”

तिनं आधी फ्रीजच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाली, “थोडंच घेतलं वो. निम्माच पेला.”

“रोज निम्माच घेतीस?”

तिनं नुसती मान डोलावली. डॉक्टरबाईंनी आख्खा पेला लिहिला होता, कागद तिच्या डोक्यावर भिंतीला होता. वर्षभर तिची हाडं अर्ध्या पेल्यावर भरत होती, आणि उरलेला अर्धा ती मला भिऊन सोडत होती. हातातला जेवणाचा डबा मी खाली ठेवला.

“तू रिक्षात सांगितलं होतंस,” मी म्हणालो. “मी ऐकलं नाही. दवाखान्यात तू माझं अंगावर घेतलंस, तेव्हाही मी गप्प बसलो. चुकलं माझं.”

मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या. सत्तावीस वर्षं ती तेच म्हणत आली आहे.

“व्हय,” ती म्हणाली. “तुमचंच चुकलं.”

मग तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं, पालथा पेला सुलटा केला आणि माझ्याकडं न बघता उरलेला निम्मा ओतून घेतला.